सदतीस टक्क्यांवर अडलेला मी

मी विट्यातल्या नाथाजींच्या घरी, पुढच्या सोप्यात, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला कॉम्प्युटर बोलतोय. मधले काही आठवडे माझा जीव एकाच कामात अडकला होता आणि ते काम काही केल्या पार पडत नव्हतं. आता जरा उसंत मिळालीय, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुपवाडचा. वसीम नावाच्या कारागिरानं आपल्या लहानशा दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. सुरुवातीची वर्षं मी तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात काढली. दिवसभर चलनं छापायची आणि लेथवरून उडालेला लोखंडाचा कीस पंख्यात साठवायचा, एवढंच आयुष्य. मालकानं नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा वसीमनं मला झाडून-पुसून विट्याच्या वीरधवलला दिलं.

वीरधवलचं मदुराईत सोनं गाळायचं, गलाईचं दुकान आहे. तो वर्षातून दोनदा गावी येतो. घरी असतात त्याचे वडील नाथाजी आणि बायको प्रियदर्शनी.

कुस्तीच्या मैदानात पैलवान कुठलेही असोत, माइक नाथाजींच्या हातात असायचा. मागच्या कडेला बसलेल्या माणसालाही डाव डोळ्यांपुढं दिसावा, असं त्यांचं बोलणं. वीरधवल गावी आला की अशा मैदानांची चित्रणं करायचा आणि माझ्यात भरून ठेवायचा. नाथाजींच्या आवाजानं मी गच्च भरत गेलो.

मग नाथाजींना झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय हळूहळू सावरला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, तोंडातून मात्र भलताच शब्द यायचा. पाणी हवं असलं तरी "मंगळवार" म्हणायचे. चूक झाल्याचं त्यांना तत्काळ कळायचं, आणि मग ते डाव्या मुठीनं खुर्ची बडवत राहायचे.

सांगलीच्या नौशीन मॅडम त्यांना पुन्हा बोलायला शिकवायच्या. गाडीत बसलं की नाथाजींना उलट्या होत, म्हणून मॅडम माझ्या पडद्यावरच येत. एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला मोठं चित्र. चित्र बघायचं, शब्द आठवायचा, म्हणायचा. शब्द यायला वेळ लागला की प्रियदर्शनी न राहवून मध्येच सांगून टाकायची.

"ताई, त्यांचा शब्द तुम्ही म्हणू नका," मॅडम म्हणायच्या. "थांबा. कितीही वेळ लागू दे."

अशा थांबण्यातून एकेक शब्द आला. तांब्या. भाकरी. म्हैस. "प्रिया" हा शब्द आला त्या दिवशी प्रियदर्शनी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आणि मग माझंच गाडं अडलं. मॅडमच्या त्या चित्रांच्या कार्यक्रमानं एक दिवस सांगून टाकलं, की तुमचा कॉम्प्युटर जुन्या पद्धतीवर चालतो. आधी अपडेट करा, मग या. प्रियदर्शनीनं अपडेट सुरू केलं. मी जोमानं कामाला लागलो. दहा टक्के, वीस, तीस, सदतीस. तिथं आलो आणि थांबलो. पुढं पाऊल टाकायला जागाच दिसेना. शेवटी पडद्यावर अक्षरं आली : "बदल मागे घेत आहोत. कॉम्प्युटर बंद करू नका." म्हणजे चढलेला सगळा घाट परत उतरायचा.

प्रियदर्शनीनं हार मानली नाही. वसीमला फोन लावून तो सांगेल तसं करत गेली. बंद करून चालू केलं. तारीख-वेळ तपासली. प्रिंटरची वायर काढली. व्हायरसचा पहारेकरी काही वेळ बाजूला बसवला. अर्धवट उतरलेलं अपडेट काढून टाकून नव्यानं उतरवलं. दर वेळी मी धापा टाकत सदतीसवर जायचो आणि माघारी यायचो. पंखा गरगरत राहायचा. स्वयंपाक करता करता ती पिठाच्या हातानं येऊन आकडा बघायची आणि परत जायची.

मोबाइलवर शिकवणी घेऊन बघितली. झटक्यानं नाथाजींची उजवीकडची नजरही कमी झाली होती. त्या चिमुकल्या पडद्यावर त्यांना अर्धंच चित्र दिसे. त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि उठले. सोप्यातून ओट्यावर, ओट्यावरून सोप्यात, अशा त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. पडद्यापुढं आले की थांबायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा चालू लागायचे. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

एका सकाळी त्यांनी तांब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "मंगळवार."

प्रियदर्शनीनं लगेच मॅडमना फोन केला.

"सराव तुटला की असं होतं," मॅडम म्हणाल्या. "आलेले शब्द असे जाऊ द्यायचे नाहीत, ताई. लवकर काहीतरी करा."

वसीमची सासुरवाडी विट्यातच. तो त्याच दुपारी मोटारसायकलवरून आला. माझं झाकण उघडून त्यानं धूळ झाडली, आत नजर फिरवली आणि म्हणाला, "वयनी, ह्यात बिघाड न्हाई. पोट भरलंय ह्येचं. अपडेटला पाय ठेवायला जागा न्हाई."

"माझं तर काहीच नाही त्यात," प्रियदर्शनी म्हणाली.

"बगू की काय हाय ते."

त्यानं पहिलीच फाइल उघडली आणि नाथाजींचा आवाज सोप्यात घुमला. "बघा, बघा, मातीला गुडघा टेकला, पण पोरगं अजून खांदा टेकू देत न्हाई!" हलगी, शिट्ट्या, टाळ्या. वसीम हात तसाच ठेवून ऐकत राहिला. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"काय आवाज हुता आबांचा," त्यातला एक म्हणाला.

हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं होतं. झटक्यानंतर पाहुणा आला की वीरधवल फोनवरून सांगायचा, आबांचं मैदान लाव. पाहुणे माना डोलवून ऐकायचे, "हुता, हुता" म्हणायचे, आणि ज्याचा आवाज तो माणूस समोर खुर्चीत बसलेला असायचा.

नाथाजी ओट्यावरून आत आले. दारातल्या माणसांना ओलांडून थेट टेबलापाशी आले. जबडा हलला. बराच वेळ काही येईना.

"पूस," ते म्हणाले.

प्रियदर्शनीनं वसीमकडे पाहिलं. हा खरंच पूस, की मंगळवारसारखाच चुकून आलेला? "मामा, पाणी आणू? फडकं हवंय?"

त्यांनी मान जोरात हलवली. बोट पडद्यावर ठेवलं. "पूस."

"आवं आबा, पुसायचं कशाला?" वसीमनं बॅगेतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "समदं ह्यात ऱ्हाईल की. जागा बी मोकळी हुईल, आवाज बी ऱ्हाईल."

नाथाजींनी तो पेनड्राइव्ह डाव्या हातात घेतला, जरा वेळ तळहातावर धरला आणि वसीमच्या शर्टाच्या खिशात परत घातला. वरून खिसा थोपटला.

प्रियदर्शनीचे डोळे भरले होते. "मामा, परत मिळायचं नाही हे," ती म्हणाली. "मदुराईला त्यांना काय सांगू मी?"

नाथाजींनी खुर्ची ओढली आणि माउसवर हात ठेवला. डाव्या हाताला सवय नव्हती. बाण पडद्यावर भरकटायचा, पुन्हा जागेवर यायचा. वसीम मदतीला वाकला, तर प्रियदर्शनीनं त्याला खुणेनं थांबवलं. एकेक करून त्यांनी सगळी मैदानं काढून टाकली. माझ्या आत एकेक गर्दी उठून घरी जावी तसं वाटलं. शेवटी कचऱ्याची टोपली रिकामी करायची होती. तेवढ्यापुरते नाथाजी थांबले. मग प्रियदर्शनीकडे बघून त्यांनी मान डोलावली, आणि ती कळ तिनं दाबली.

वसीमनं अपडेट सुरू केलं. सदतीस आलं. मी घाबरलो, पंखा पिसाटला. वसीम नखं चावत होता. मग अडतीस दिसलं. प्रियदर्शनीनं आकडा मोठ्यानं वाचला.

संध्याकाळी वीरधवलचा फोन पडद्यावर आला. मागं भट्टी पेटलेली, कपाळावर घाम. प्रियदर्शनीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"येवढं एकच ऱ्हायलं हुतं आबांचं," तो म्हणाला. "आबा पूस म्हणलं, आन् तुमी पुसू दिलं? मला इचारायचं तरी. आता काय ऐकू मी हितं?"

ती उत्तर देणार, तोच नाथाजींनी डावा हात वर केला. पडद्याजवळ सरकले. "मी..." म्हणाले आणि अडले. वीरधवल मध्येच बोलायला लागला. प्रियदर्शनीनं त्याला बोटानं गप्प केलं. ती थांबली. तोही थांबला.

"मी हाय की," नाथाजी म्हणाले.

झटक्यानंतर सलग आलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. वीरधवलनं तोंड भट्टीकडे फिरवलं. मग म्हणाला, "व्हय, आबा."

आता माझं वय झालंय. नवं ओझं उचलताना तापतो, सुरू व्हायला वेळ घेतो. यापुढचं एखादं अपडेट मला झेपणार नाही, असं वसीमनं सांगून ठेवलंय. तेव्हा मला खुशाल उचलून ठेवा, माझी तक्रार नाही. तोवर एवढंच करा. मी वर्तुळ फिरवत बसलो, की दहा वेळा कळा बडवू नका. आणि समोरचं माणूस शब्द शोधत असेल, तर तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नका.

नौशीन मॅडम पडद्यावर आल्यात. नाथाजींनी खुर्ची ओढलीय. आता मी गप्प बसतो. बोलायचंय त्यांना.