पाणी संपलं की बसायचं

बेंबळीच्या दूध संस्थेत संध्याकाळी लोक आपापल्या किटल्या रांगेत ठेवत आणि स्वतः मात्र ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बनाबाईभोवती येऊन बसत. दुधाची गाडी उस्मानाबादहून यायची. ती कधी वेळेवर येई, कधी दिवे लागले तरी तिचा पत्ता नसे. तोवर पोरंबाळं, आणि त्यांच्या नादानं मोठी माणसंही, येडशीचा खेळ खेळत.

हा खेळ दुसऱ्या कुठल्या गावात नव्हता. ओट्यावर विटेच्या तुकड्यानं वळणावळणाची वाट काढायची, तिच्यावर घरं पाडायची आणि शेवटाला येडशीचं स्टेशन. खेळणाऱ्यानं एकेक सोंग घ्यायचं. कुणी कासारीण, कुणी धनगर, कुणी चोर, कुणी फौजदार, कुणी सासरी निघालेली नवरी. प्रत्येकाजवळ थोडे खडे असत, ते म्हणजे पाणी. फोडलेले चिंचोके उडवायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढं जायचं आणि दर डावाला एक खडा टाकून द्यायचा. बनाबाई सांगणारी.

"म्होरं बाभळीचं बन लागलं," ती म्हणे, "आन् तिथं एक म्हातारं पडलंय. उशाला गाठोडं हाय. चोरा, तू काय करतूस?"

मग चोरानं आपल्या अकलेनं उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरावरून बनाबाईनं गोष्ट पुढं न्यायची. वाट रोज तीच, गोष्ट मात्र रोज नवी.

एक नियम पक्का होता. पाणी संपलं की बसायचं. बाकीच्यांचा एक फेरा पुरा होईस्तोवर त्याच घरावर, हूं की चूं न करता.

खेळ बनाबाईच्या तारामतीनं काढलेला. बहात्तरच्या दुष्काळात बनाबाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जाई आणि वस्तीवरच्या पोरी लांबच्या मळ्यातून कळशीनं पाणी आणत. उन्हाच्या त्या वाटेवर पोरींचा जीव रमावा म्हणून तारामतीनं चालता चालता हे सगळं रचलं. तिनं आगगाडी कधी पाहिली नव्हती, म्हणून तिच्या गोष्टीतली गाडी फार मोठी असे. चिंचोके ओच्यात बांधलेले. झाड आलं की उडवायचे. त्याच उन्हाळ्यात तारामती मुदतीच्या तापानं गेली. तिचा फोटो नव्हता, कारण कुणी काढलाच नव्हता. तिचे कपडे धाकट्या पोरींनी घालून फाडले. राहिला तो खेळ. तो तिनं ठेवला तसाच्या तसा ठेवायचा, त्यातलं एक घरसुद्धा हलू द्यायचं नाही, एवढंच एक काम बनाबाईनं तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

चौऱ्याऐंशी साली अयोध्या गावात परत आली. ही धनगरवाड्यावरची, तारामतीच्या बरोबरीनं पाण्याला जाणारी. तिकडं सोनारीला दिलेली, पण नवरा वारल्यावर माहेरी आली आणि बालवाडीची बाई झाली. तिनं बालवाडीच्या फरशीवर येडशीची वाट काढली. सोंगं तीच, चिंचोके तेच. पण पोरांना तिनं सांगितलं, "कुणी बसायचं न्हाय. पाणी संपलं की मागायचं. ज्याच्याजवळ हाय त्यानं द्यायचं. समदे मिळून स्टेशनावर पोचले तरच गाडी सुटंल."

ही बातमी पोरांबरोबर संध्याकाळी दूध संस्थेत आली. मापावर बसणारा गुलाब सगळ्यांत आधी उखडला. तो लहानपणापासून फौजदार होत आलेला, आणि फौजदारीचा त्याला अभिमान.

"ह्यो काय खेळ झाला?" तो माप आपटत म्हणाला. "कुणी हरतच न्हाय. मागितलं की पाणी. मंग चिंचोके उडवायचे कशाला, पंगतच घाला की."

"बाईला खेळ कळलाच न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "बसल्याबिगर मज्जा काय? परवा मी चोराच्या नाकासमोर बसले, ते माझं गाठोडं घिऊन गेलं आन् मला बोलता ईना. तसली मज्जा हाय का तिच्या खेळात?"

बनाबाईला बरं वाटलं. सगळं गाव तारामतीच्या बाजूनं होतं.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. पोरं बालवाडीत नवा खेळ खेळत आणि संध्याकाळी ओट्यावर चुळबुळ करत. एकदा गाडीला फारच उशीर झाला. बनाबाई अजून आलेली नव्हती, तेव्हा पोरांनी आपले आपणच नवा डाव मांडला. फौजदार हवा म्हणून गुलाबला ओढला. अर्ध्या वाटेत गुलाबचं पाणी संपलं, आणि पाणी उरलेलं फक्त चोराजवळ. चोर म्हणजे दूध घालायला येणाऱ्या इरम्माची सहा वर्षांची नात.

"माग की," पोरं म्हणाली.

"फौजदार चोराला मागतो व्हय?"

"मंग मरा तिथंच," नात म्हणाली.

गुलाबनं इकडंतिकडं पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "चोरसाहेब, घोटभर पाणी द्या."

"बेडी काढा आधी."

ओटा हसून हसून लोळला. बनाबाई कोपऱ्यावर येऊन उभी होती. तिनं ते हसणं ऐकलं. तिच्या खेळात लोक इतकं कधी हसले नव्हते.

त्यानंतर महिन्याभरात गावाचं मत फिरलं. म्हाळसाबाई सांगू लागली की बसून बसून कंबर धरायची, हे बरं झालं. गुलाब तर शपथेवर सांगे, "म्या पैल्यापासनं म्हणत हुतो, ह्यो नियम चांगला हाय." कुणी बनाबाईचा अपमान केला नाही. तिला जागा देत, "सांगा की गोष्ट," म्हणत. पण कुणाचं पाणी संपलं की हात पुढं होत, आणि बनाबाईला वाटे की आपल्या लेकीला कुणीतरी हळूच पुसत आहे. तिनं ओट्यावर जाणं सोडलं. दूध शेजारणीच्या हाती धाडू लागली.

शेवटी एक दिवस दुपारी ती बालवाडीत गेली. पोरं घरी गेली होती. अयोध्या पोरांच्या खाऊचं, सुकडीचं पातेलं घासत होती. बनाबाईला पाहून ती उठली, हात पुसले, पोतं अंथरलं.

"बसायला न्हाय आले," बनाबाई म्हणाली. "माझ्या तारीचा नियम तू काढून टाकलास. कुणाला इचारून?"

"मावशी, बसा तर खरं."

"तिनं एवढाच तर ठेवलाय मागं. तुला नवं काय करायचं असंल तर दुसरं कर. भातुकली कर. तिच्या खेळाला हात कशाला?"

"ह्यो नवा न्हाय, मावशी," अयोध्या म्हणाली. "ह्योच पैला. तारीनं खेळ काढला तवा कुणी बसत नव्हतं. मागायचं आन् द्यायचं, आसंच हुतं."

"खोटं बोलू नगंस. म्या तलावाच्या बांधावरनं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमी येताना दिसायचा, आन् एक पोर मधीच बसायची."

"कोण बसायचं ते दिसायचं का तुमास्नी?"

"लांबनं कसं दिसंल?"

पातेल्यातलं पाणी अयोध्येनं बाहेर जाऊन झाडाच्या बुडाशी ओतलं आणि रिकामं पातेलं हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"बोल की आता," बनाबाई म्हणाली.

"तारीच बसायची," अयोध्या म्हणाली. "दर बारीला तीच. शेवटी शेवटी तिनं बसायचा ह्यो नियम काढला. आमी म्हणायचो, तुझंच पाणी कसं संपतंय गं रोज? चिंचोके तिच्याच हातात असायचे, ती कसेबी मोजायची. म्या एकदा तिला उठवायला हात धरला, तर हात तव्यावानी. तिनं मला तारी-अयोध्येच्या दोस्तीची आण घातली. म्हणाली, आईला सांगू नगंस. आईला कळलं तर ती काम सोडून पाण्याला यील, आन् मुकादम तिचं नाव काटंल. बसलं की बरं वाटतंय, म्हणाली. म्या दहा वर्साची हुते, मावशी. मला वाटलं, ताप काय, येतो आन् जातो."

बनाबाई पोत्यावर बसली.

तारीला नेलं तेव्हा दवाखान्यात डॉक्टरानं विचारलं होतं, ताप कधीपासनं आहे? बनाबाईनं सांगितलं होतं, कालपासनं. डॉक्टरानं पुन्हा विचारलं, तर तिला रागच आला होता. आईला माहीत असणार नाही तर कुणाला?

"आण मोडायची नव्हती मला," अयोध्या म्हणाली. "पण पोरं आशी गप बसल्याली मला बघवत न्हाईत. म्हणून काढून टाकला नियम."

बनाबाईनं मान हलवली. रागावण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तिनं पोरांना बसवलं होतं. कुणी मध्येच उठलं तर दटावून पुन्हा बसवलं होतं. तारीनं सांगितलंय, म्हणत होती.

"सुकडी देऊ का थोडी?" अयोध्येनं विचारलं.

"नगं," बनाबाई म्हणाली, आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर गेली. आता कुणीच बसू नये, हे स्वतःच्या तोंडानं सांगायला गेली. पण तिला येताना पाहून पोरांनी एकमेकांना ढोसलं. वाट नव्यानं काढलेली होती. गुलाब मापावरून उठून समोर आला.

"मावशी, चुकलं आमचं," तो म्हणाला. "तुमी येयाच्या बंद झाल्या, तवा आमच्या ध्यानात आलं. आजपासनं तारीचाच नियम. पोरांनीबी कबूल केलंय. बघा."

आणि खरंच, इरम्माची नात नवरीच्या सोंगात स्टेशनाच्या अलीकडं बसली होती. गुडघे पोटाशी, ओठ घट्ट मिटलेले. तिचं पाणी संपलं होतं. आपण बनाआजीसाठी काहीतरी चांगलं करतो आहोत हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"ऊठ, बाळा," बनाबाई म्हणाली.

पोरगी उठली नाही. नियम होता.

बनाबाई ओट्यावरची आखलेली वाट तुडवत तिच्यापाशी गेली, खाली बसली आणि तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिनं गळ्याला हात लावला, तिच्या हाताचे तळवे पाहिले, पुन्हा कपाळाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला.

"काय झालं गं मावशी?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"अंगात कसकस हाय का तुझ्या?" बनाबाई पोरीला विचारत होती. "पाय दुखत्यात का? खरं सांग. म्या काय बोलणार न्हाय तुला."

पोरीनं डोळे मोठे करून गुलाबकडं पाहिलं. बोलावं की बोलू नये, तिला समजेना. रस्त्यावर दुधाची गाडी आली, लोक किटल्यांकडं धावले, ओटा रिकामा झाला. बनाबाईचा हात काही निघत नव्हता, आणि पोरगी नियमाप्रमाणं गप्प बसून होती.