आत्याच्या डोक्यावरची ट्यूबलाइट

मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. मित्रांनो, आधी हसून घ्या. एखाद्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला की तुम्ही त्याला माझं नाव ठेवता, हे मला चांगलं ठाऊक आहे. दोनदा लुकलुकून मग पेटते, हे कबूल. पण एकदा पेटले की मी लबाडी करत नाही. काळ्याला काळं दाखवते आणि निळ्याला निळं. तुमच्या त्या नव्या, लपूनछपून बसणाऱ्या दिव्यांना हे जमत नाही, आणि त्यावरूनच आमच्या घरात जे झालं ते मी सांगणार आहे. गोड काही ऐकायला मिळेल या आशेवर बसू नका.

माझा जन्म कारखान्यातला. तुम्ही जिला ट्यूब म्हणता ती काच म्हणजे मी नव्हे. तशा काचा माझ्या अंगावर पाच-सहा येऊन गेल्या. मी म्हणजे पत्र्याची पांढरी पट्टी, तिच्या पोटातला जड चोक आणि कडेला बसणारा अंगठ्याएवढा स्टार्टर. एका तरुण वायरमनने मला या घराच्या हॉलमध्ये, आत्याच्या टेबलाच्या बरोब्बर वर, स्क्रूंनी पक्कं केलं. शिडीवरून उतरता उतरता त्याने विचारलं, "पुरे का?" आत्याने सुई उचलली, पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि म्हणाली, "पुरे." माझं एवढं कौतुक त्यानंतर कुणी केलं नाही.

आत्या म्हणजे आत्ता जो या घराचा मालक आहे त्याच्या वडलांची बहीण. भाऊ-वहिनी लवकर गेले, तेव्हा भाच्याला तिनेच वाढवलं, तेही रफूच्या कामावर. रफू म्हणजे फाटलेल्या किंवा जळलेल्या कापडात एकेक धागा असा विणायचा, की भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये. घर तळमजल्यावर. हॉलला खिडकी एकच आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. त्यामुळे मी सकाळी पेटायची ती रात्रीची जेवणंखाणं आटोपल्यावरच विझायची. वाक्य सोपं आहे, पण असं वर्षानुवर्षं जळून बघा.

आत्याची एक पद्धत होती. काळ्या दोऱ्यांची रिळं चहाच्या डब्यात आणि गडद निळ्यांची बिस्किटांच्या डब्यात. हे दोन रंग एकमेकांच्या शेजारी ती कधी ठेवायची नाही. भाचा लहानपणी डब्यांशी खेळायला लागला की म्हणायची, "बाकी सगळं उलटंपालटं कर, या दोघांची भेट घडवू नकोस." कापड आलं की ती ते माझ्याखाली धरायची, दोरा त्यावर आडवा टाकायची आणि डोळे बारीक करायची. दोरा कापडात दिसेनासा झाला की तो खरा. लॉन्ड्रीवाला गावभरचे कोट तिच्याकडे पाठवायचा, आणि एकही कधी परत आला नाही.

आता माझेही दोष सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचीच टिमकी वाजवते. मी गुणगुणायची. माझ्या आडोशाला पाल राहायची. आणि माझ्या उजेडात माणसं जरा आजारी दिसतात. भाच्याचं लग्न झालं, भाचेसून आली, आणि तिच्या मैत्रिणींनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काय गं, बरं नाही का तुला?" ती हसली, पण त्या गेल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की चोकच थरथरला. त्या पोरीला आपलं घर आपलं वाटत नव्हतं, यात तिची चूक नव्हती. तिची चूक नंतरची.

तिने घर सजवून देणारी एक बाई आणली. मी तिचं नाव मूडबाई ठेवलं, कारण दर दुसऱ्या वाक्यात तिला मूड लागायचा. दारातून आत आल्या आल्या तिने मान वर करून नाक मुरडलं. "हे काय, हॉस्पिटल आहे का? इथे मूडच येत नाही." तिच्यावरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो मी जपून ठेवला आहे.

आत्या टेबलापाशीच बसली होती. "इथे काम चालतं," ती म्हणाली. "मूडचं काय करायचंय?"

"आत्या, तुमच्या कामासाठी पण सोय करणार आहेत," भाचेसून म्हणाली.

"माझी सोय वर टांगलेली आहे."

भाच्याने दोघींकडे पाहिलं आणि मोबाइल काढला. घरात भांडण पेटायला लागलं की तो असाच विझतो.

पुढे तीन आठवडे घरात धूळ आणि धुसफूस. छताखाली दुसरं खोटं छत आलं. त्याच्या कडांमध्ये पिवळे दिवे लपवले, आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करायला एक गोल बटण बसवलं, जे कायम अर्ध्यावरच असायचं. भिंतीला गडद रंग, खिडकीला जाड पडदा, नवा सोफा. मला चार स्क्रू काढून उतरवलं आणि माळ्यावर टाकलं. नशीब एवढंच, की माळ्यालाही नवी, फटी असलेली दारं लावली होती. त्या फटींतून मला सगळा हॉल दिसायचा, आणि म्हणूनच पुढचं सांगू शकते. हॉल देखणा झाला होता, हे सांगताना माझं तोंड कडू होतं. मैत्रिणी आल्या, त्यांनी फोटो काढले, आणि भाचेसुनेचा चेहरा पहिल्यांदा निवांत दिसला.

मूडबाईने जाता जाता आत्याच्या टेबलालाही हात लावला. तिला ते गंजके डबे खुपत होते. आत्या दवाखान्यात गुडघा दाखवायला गेली असताना तिने सगळी रिळं काढून काचेच्या तीन उंच बरण्यांत भरली. फिकी एकीत, मधली दुसरीत आणि गडद तिसरीत. बरण्या फळीवर मांडून वर एक छोटा पिवळा दिवा लावला. भाचेसुनेला ते फार आवडलं. डबे भंगारात गेले.

आत्या घरी आली, तिने बरण्या पाहिल्या आणि तिसरी उचलून दिव्याखाली धरली. मग म्हणाली, "माझ्या हत्यारांचं लोणचं घातलंत की काय?"

"किती छान दिसतंय बघा तरी," भाचेसून म्हणाली.

"तेच तर म्हणते. मला दिसत नाही. या उजेडात काळा कुठला आणि निळा कुठला, कळत नाही."

"आत्या, आता वय झालं तुझं," भाचा म्हणाला. मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाला. मित्रांनो, मी माळ्यावर होते, हातपाय नव्हते, नाहीतर त्याच्याच डोक्यात पडले असते.

आणि मग तो कोट आला. गडद निळा, बाहीला सिगारेटने पडलेलं भोक. आत्याने गडद बरणीतून रीळ काढलं, दोरा बाहीवर आडवा टाकला, डोळे बारीक केले. दोरा दिसेनासा झाला. त्या उजेडात झालाच असता. तिने दोन दिवस खपून रफू केला आणि कोट पाठवून दिला.

चौथ्या दिवशी लॉन्ड्रीवाला स्वतः आला. इतक्या वर्षांत तो कधी चप्पल काढून आत आला नव्हता, त्या दिवशी आला आणि सोफ्याच्या कडेवर टेकला. "आत्याबाई, गिऱ्हाइकाने दुकानात पाणउतारा केला हो माझा. निळ्या बाहीवर काळा डाग. उन्हात लांबून दिसतो." आत्याने कोट घेतला, त्या फळीवरच्या दिव्याखाली धरला, बोट फिरवलं. "कुठे आहे?" तिने विचारलं. लॉन्ड्रीवाल्याने मान खाली घातली. "डोळे दाखवून घ्या एकदा. कोट ठेवून जातो. शनिवारपर्यंत झाला तर बघा, नाहीतर मग मला दुसरीकडे द्यावा लागेल. पुढचेही."

भाच्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, या वयात असतेच, काळजीचं काही नाही. घरी येईपर्यंत यातला 'मोतीबिंदू' तेवढा उरला. भाचेसून म्हणाली, "बघा, म्हणजे उजेडाचा काही दोष नव्हता." मग नवराबायकोने हलक्या आवाजात ठरवलं, की टेबल काढून तिथे एक आरामखुर्ची ठेवायची, आत्याला आराम. तो हलका आवाज आत्याला ऐकू आला. मलाही आला.

आत्या त्यावर भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही. तिने सुयांची डबी उघडली, सुया एकेक करून फडक्यात टोचल्या, फडकं गुंडाळलं आणि डबीत ठेवून झाकण लावलं. "गेले असतील डोळे," ती म्हणाली, स्वतःशीच. ज्या बाईने लोकांचं जळलेलं-फाटलेलं असं भरून काढलं की खूण राहू नये, तिला तिच्याच घरच्यांनी हे पटवून दिलं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि इतका संतापही कधी आला नव्हता.

शुक्रवारी दुपारी छतातले अर्धे पिवळे दिवे गेले. भाचेसुनेने मूडबाईला तीनदा फोन केला. तुमचं जुनं वायरिंग, आमचा संबंध नाही, असं ऐकून तिने फोन सोफ्यावर आपटला. शेवटी भाच्याने तोच जुना वायरमन बोलावला. आता तोही पिकला होता. आत्याचं टेबल रिकामं का, असं त्याने विचारलं, तेव्हा भाच्याने मोतीबिंदूचं सांगितलं. शिडीवर चढून त्याने खोट्या छताचा एक तुकडा काढला आणि आतला गुंता बघून तोंडातल्या तोंडात जे म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही.

"यातली काळी वायर कुठली आणि निळी कुठली?" त्याने दोन वायरी खाली धरून विचारलं.

भाच्याने पाहिलं. "ही काळी. नाही, थांबा, ही. दोन्ही काळ्याच वाटतात."

"तुलाही मोतीबिंदू झाला का?" वायरमन म्हणाला. "मला उजेड दे जरा." भाच्याने गोल बटण पूर्ण फिरवलं. "हा उजेड नाही, हा चहा आहे. आणि टॉर्च दातात धरून शिडीवर चढायचं माझं वय गेलं. इथली जुनी ट्यूब कुठाय?"

मला माळ्यावरून खाली काढलं. अंगभर धूळ, एका टोकाला जाळं. वायरमनने हॉलचा प्रवाह बंद केला, स्वयंपाकघरातल्या प्लगमधून वायर ओढली आणि मला सोफ्याच्या पाठीला टेकवून उभं केलं. मी लुकलुकले. एकदा, दोनदा, चारदा. सवय मोडली होती. मग पेटले.

भाचेसून सोफ्याकडे बघतच राहिली. "हा असा आहे?" ती म्हणाली. महिनाभर ती ज्याला राखाडी सोफा म्हणून मैत्रिणींना दाखवत होती, तो चक्क जांभळा होता. खरं सांगते, मला आनंद झाला. मी मोठ्या मनाची नाही.

पण आत्या सोफ्याकडे बघतच नव्हती. ती तिसऱ्या बरणीकडे बघत होती. ती उठली, बरणी फळीवरून काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर उपडी केली. गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसली आणि रिळं वेगळी करू लागली. काळं, काळं, निळं, काळं, निळं. एकदाही थांबली नाही. मग तिने कपाटातून कोट आणला, बाही माझ्यापुढे धरली. निळ्या बाहीवर बोटाएवढा काळा चट्टा. वायरमन शिडीवर तसाच उभा होता.

"माझे डोळे ठीक आहेत," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी सांगत होते, तेव्हा तुमच्यातल्या एकानेही मान वर करून दिव्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघितलंत."

भाचा तिच्याशेजारी खाली बसला. त्याने काळ्या रिळांच्या ढिगाकडे हात नेला आणि परत घेतला. "चुकलो, आत्या," तो म्हणाला. "ट्यूब परत वर लावू."

"माझ्या हॉलमध्ये ती नको," भाचेसून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण माघार नव्हती.

"मलाही तुझ्या हॉलमध्ये बसायचं नाही," आत्या म्हणाली. "मागची अडगळीची खोली मला दे. ट्यूब माझी, टेबल माझं, आणि दोन डबे आणून दे. झाकणाचे."

आत्या रात्रभर माझ्यापुढे बसून बाही नव्याने भरत होती, आणि शनिवारी संध्याकाळी कोट गेला. परत आला नाही. लॉन्ड्रीवाल्याने पुढचे दोन पाठवले.

आता मी मागच्या खोलीत आहे. समेट वगैरे काही झाला नाही, उगाच आशा धरू नका. हॉलमध्ये पिवळं आहे, इथे पांढरं आहे आणि मधलं दार बहुतेक वेळ बंद असतं. गेल्या आठवड्यात ते उघडलं. ऑफिसला निघालेली भाचेसून हातात तिचं काळं जॅकेट घेऊन उभी राहिली. खिसा उसवला होता. आत्याने वर पाहिलं नाही. "बाजूला हो," ती म्हणाली, "माझ्या उजेडात उभी आहेस." भाचेसून बाजूला झाली, आणि आत्याने जॅकेट घेण्यासाठी हात पुढे केला.

मित्रांनो, मला जपा, अशी गळ मी घालणार नाही. माझी टोकं काळी पडली आहेत, चोक तापतो, आणि वायरमनने आणलेली नवी सडपातळ एलईडीची पट्टी खोक्यासकट फळीवर येऊन पडली आहे. तिचा मला राग येतो, पण उजेड तिचा चांगला आहे, असं तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नाही. मी गेले तर तिला लावा. तुमची घरं सजवा, हवे तेवढे दिवे लपवा. फक्त घरातलं कुणी म्हणालं, की मला इथे दिसत नाही, तर त्याच्या वयाचा हिशेब करू नका. उठा आणि आधी दिवा बघा.