पर्स आहे, नवी घेणार नाही

चूक तुमची आहे. आणि तोंडी नाही, सही-शिक्क्यानिशी केलेली आहे. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला पंधरा दिवस उरले होते. पाचवी 'ब'च्या पोरी सतरंजीवर बसत होत्या, छपराच्या पत्र्यातून ऊन थेट फळ्यावर पडत होतं. त्यातलं तुम्हाला काही दिसलं नाही. रामदासपेठेतल्या बंगल्यात पंख्याखाली बसून तुम्हाला खुपलं काय, तर मास्तरणींच्या हातातल्या पिशव्या.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. शाळेतही कोणी घेत नाही. तिथं तुम्हाला 'संस्था' म्हणतात. संस्था खूश आहे, संस्था चिडली आहे, संस्थेनं चहा नाकारला. माणूस एकटा, पण त्याच्याविषयी बोलणं असं, जसं काही उन्हाळा आला नि गेला.

तर संस्थेची नोटीस निघाली. सन एकोणऐंशीचा फेब्रुवारी संपत आलेला. देवाजी चपराशी नोटीस-बुक काखेत मारून वर्गावर्गातून हिंडला नि सातवीच्या दारात येऊन उभा राहिला. सुभद्राबाई महानदीचं खोरं शिकवत होत्या. एका हातात खडू, दुसऱ्या हातानं सही केली आणि मग वाचलं. नऊ वर्षांत त्यांना हीच सवय लागली होती, आधी सही, मग वाचणं.

"रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सर्व शिक्षिकांनी तपकिरी रंगाची एकसारखी नवी पर्स आणावी. नमुना कार्यालयात टांगला आहे. जुन्या पर्सा, झोळ्या व पिशव्या पाहुण्यांसमोर दिसू नयेत."

"देवाजी, हे काय आता?"

"मले काय विचारता बाई? मले तं नवी टोपी घ्याले सांगतली. डोस्कं जुनंच चालते म्हणे."

पोरी खिदळल्या. सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात नोटीस नव्हती, जून होता.

हा जून काय प्रकार आहे ते तुम्हाला सांगायला नको, तो तुमचाच कारखाना. पण बाकीच्यांना ठाऊक नसेल. दर तीस एप्रिलला सुभद्राबाईंच्या हातात एक कागद पडायचा, 'आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे.' मे महिना बिनपगारी. मग जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात दुसरा कागद यायचा, 'आपली तात्पुरती नेमणूक करण्यात येत आहे.' यायचा म्हणजे, आला तर. नऊ वर्षं नऊ आदेश. गेल्या साली संगीताच्या बाईंनी मोठ्या आवाजात काहीतरी विचारलं होतं. जूनमध्ये त्यांचा कागद आला नाही. पेटी अजून कोपऱ्यात धूळ खात पडली आहे.

म्हणून सुभद्राबाईंनी ठरवलं, घेऊन टाकायची पर्स. एका पर्सपायी जून कशाला नासवायचा?

घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, तपकिरी एखादी आपल्याकडे असेलच की. नमुन्यासारखी असली तर प्रश्नच मिटला. त्यांनी आलमारी उघडली. वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून आणि डांबरगोळ्या घालून त्यांच्या पर्सा ठेवलेल्या होत्या. चांगल्या दिवसासाठी. शाळेत त्या रोज नेत मांजरपाटाची झोळी, कारण शाळेचा दिवस म्हणजे काही चांगला दिवस नव्हे.

पहिली पुडी सोडली. पांढरी पर्स, भावाच्या लग्नातली. पांढरी कसली, तिच्या अंगावर सगळं वर्तमानपत्र उमटलं होतं, तेही उलटं. शाईनं रेक्झिन धरलं होतं आणि रेक्झिननं शाई. दुसऱ्या पुडीत लाल आणि काळी एकत्र होत्या. तीन उन्हाळे बंद आलमारीत शिजून त्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की ओढताच लालीचं कातडं काळीवर आणि काळीचं लालीवर आलं. चौथीचा पट्टा हातात घेतला तर त्याचे पापडासारखे तुकडे झाले.

त्या मटकन पलंगावर बसल्या. मेलेल्या कोंबड्यांसारख्या पर्सा पुढ्यात पडलेल्या.

वामनराव, त्यांचे यजमान, लकडगंजातल्या आरा मशीनवरून नुकतेच आले होते. केसांत लाकडाचा भुसा. दारातून त्यांनी पाहिलं.

"काय वं, कोणाचं तेरावं करून राहिली?"

"हसू नका. एकदा एकदाच वापरल्या होत्या."

"तेच तं. सागाची फळी पडून राहिली तं वाकते, कामात आली तं सरळ राहते. आमच्या मशीनवरचा आडाणी गडीही सांगन तुले." मग त्यांनी पांढरी पर्स उचलून खिडकीपाशी नेली. "ये पाह्य, इथं संत्र्याचा भाव लिवला हाय. उलटा हाय, पण भाव तं भावच."

आता मात्र त्यांना हसू आलं. पण हसता हसता त्या एकेक पर्स आठवू लागल्या, आणि हसू जिरत गेलं. पांढरी घेतली कारण वहिनी म्हणाल्या, लग्नात हे झोळणं घेऊन येऊ नका. लाल घेतली कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नवी आणली होती. काळी इन्स्पेक्टर येणार म्हणून. चौथी का घेतली ते आठवेचना. सीताबर्डीवरच्या काचेमागं टांगलेली होती, एवढंच. चारही पर्सा दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी घेतलेल्या. स्वतःला आवडली म्हणून एकही नाही.

एक होती. पाचवी. आणि ती तपकिरीच होती.

पहिली नेमणूक झाली तेव्हा नरखेडकडच्या गावात बापूजींनी, त्यांच्या वडिलांनी, रामाजी चांभाराकडून ती शिवून घेतली होती. जाड कातडं, आत दोन खण, पितळी बक्कल. रामाजीनं एरंडेल चोळून दिली होती आणि म्हणाला होता, "पोरी, हे नवी दिसणार नाही, पण जुनीबी होणार नाही." शाळेत पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, "पोस्टमनकडून आणली का हो?" सगळे हसले. त्या दिवसापासून ती आलमारीत गेली. मग दोन वर्षांपूर्वी शेजारच्या प्रयागबाई लेकीच्या सोयरिकीला जाताना चार दिवसांसाठी म्हणून ती मागून घेऊन गेल्या आणि परत द्यायचं विसरल्या. म्हणजे विसरल्या नसाव्यात. त्यावरून सुभद्राबाई मनातल्या मनात दोन वर्षं कुढत होत्या. रस्त्यात प्रयागबाईच्या खांद्यावर ती दिसली की मान फिरवत होत्या.

आज त्या तडक भिंतीपलीकडे गेल्या.

"प्रयागबाई, माही बॅग."

प्रयागबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. "आली वं बाई शेवटी! मी म्हनलं, हे बाई आता मेल्यावरच मागन."

"चार दिवसांसाठी नेली होती तुम्ही."

"अन् तू कायले दिली? त्या आलमारीत तुह्या बॅगीले फफुंदी लागली होती, हिरवी बुरशी! मी पुसली, उन्हात नाई, सावलीत ठेवली. डोक्याले लावून उरलेलं तेल हाताले राहते ना, ते रोज तिच्यावर पुसलं. पट्टा तुटला तं इतवारीतून शिवून आनला. बॅग तुही मेली असती, मी जगवली. आता ने, अन् पुन्हा त्या फासावर नको टांगू."

आणि खुंटीवरची बॅग त्यांनी काढून दिली.

सुभद्राबाई पाहतच राहिल्या. कातडं पिकल्या चिकूच्या रंगाचं झालं होतं. बक्कल घासून घासून सोन्यासारखं. आतून ज्वारीचा, तेलाचा, सुपारीचा वास. बॅग खांद्यावर घेतली तर ती अंगाला अशी लागली जशी ती तिथंच वाढली होती. चार जपल्या त्या मेल्या. एक दुसऱ्याच्या घरी राबली ती जगली. बाईंच्या छातीवरून काहीतरी उतरलं. प्रयागबाईवरचा दोन वर्षांचा राग होता की नव्या पर्सेची काळजी, त्यांना नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"मग वं? मले काय देशीन बदल्यात?"

"उद्यापासून बाजाराले जाताना मागून नेत जा. पण संध्याकाळी परत."

"बाप्पा, मोठी आली कलेक्टरीण," प्रयागबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा हलू लागलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुभद्राबाईंनी देवाजीकडून नोटीस-बुक मागून घेतलं. त्या बुकात कोणी कधी काही लिहीत नाही, फक्त सही करतात. शाळा स्थापन झाल्यापासूनची चौदा बुकं कार्यालयात आहेत, एकातही सहीशिवाय शब्द नाही. सुभद्राबाईंनी आपल्या सहीखाली लिहिलं, 'तपकिरी पर्स आहे. नवी घेणार नाही.' 'नाही'तली वेलांटी वाकडी आली.

शिवणाच्या कुसुमताई खांद्यावरून वाचत होत्या. "सुभद्राबाई, वेड लागलं का? जून आहे ना पुढे?"

"आहे."

"मग?"

"मग काय? खोटं लिहिलं का मी? पर्स आहे, हे पाहा ना."

कुसुमताईंनी बॅग पाहिली, बक्कल उघडलं, लावलं, परत उघडलं. त्या शिवणाच्या बाई, टाके ओळखणाऱ्या. मग त्यांनी पेन घेतलं आणि आपल्या सहीखाली लिहिलं, 'मजकडेही आहे.' बुक टेबलावर तसंच उघडं राहिलं. सुट्टी संपेपर्यंत त्यावर अकरा ओळी झाल्या होत्या. घंटा झाल्यावर आणखी आठ. एकीनं तर लिहिलं, 'तीन आहेत. कुणाला हवी असल्यास सांगावे.'

तिसऱ्या दिवशी तुमचा मेमो आला, एकट्या सुभद्राबाईंच्या नावानं. 'नोटीस-बुकात अनावश्यक मजकूर लिहून शिस्तभंग केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' तीन रात्री त्यांना झोप लागली नाही, हे खरं. पेटीवरची धूळ डोळ्यांपुढून हलेना. पण खुलासा लिहिला. एकच ओळ. 'मजकूर अनावश्यक होता, कारण पर्स आधीच होती.' मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका यमुताई, त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "पाठवते मी," म्हणाल्या. "मीच घेऊन जाते." आणि आपल्या फाटक्या कडांच्या पंचवीस वर्षं जुन्या पर्सेत घालून त्यांनी ती टपकन मिटली.

महोत्सव झाला. नमुन्यातली नवी पर्स पाच जणींच्या हातात होती, एकोणीस जणी आपापल्या घेऊन आल्या. पाहुण्यांनी भाषण केलं, हार घेतले, सरबत प्यायले. फोटो निघाला तेव्हा फोटोवाला म्हणाला, "बाया हो, पर्सा खाली ठेवा, पायांजवळ." फोटोत एकही पर्स दिसत नाही. तुमच्या कार्यालयातच लटकला आहे, उठून पाहा.

त्यानंतर सुभद्राबाईंना नाद लागला. काळी-लालीतून जे जगलं ते कुसुमताईंनी शिवून दिलं, छोटी चिल्लरची थैली झाली. पांढरी त्या एक दिवस मुद्दाम शाळेत घेऊन गेल्या. लाल पर्सेतला आरसा तेवढा शाबूत होता, तो समोर धरला आणि सातवीच्या पोरींनी पर्सेवरची उलटी बातमी सुलटी वाचली. संत्र्याचा भाव, रेल्वेचं वेळापत्रक, एका हरवलेल्या गाईची जाहिरात. भूगोलाचा असा तास त्या वर्षी झाला नव्हता. आता रोज त्या आलमारी उघडतात तेव्हा आजचा दिवस चांगला आहे की नाही हे विचारत नाहीत. जी हाती येते ती घेतात. बुधवारी, बाजाराच्या दिवशी, चामड्याची प्रयागबाईकडे असते.

तीस एप्रिलला कागद आला, दरवर्षीसारखा. सुभद्राबाईंनी तो, जूनच्या आधीच्या नऊ आदेशांसकट, चामड्याच्या बॅगेच्या मागच्या खणात ठेवला आणि बक्कल लावलं. मे महिना गेला. कूलरचा खस वाळून गेला. जूनमध्ये शाळा उघडायच्या चार दिवस आधी देवाजी सायकलवरून आला. हातात लिफाफा, डोक्यावर जुनीच टोपी.

"आला बाई. सगळ्यायचा आला. एकोणीस बायांचे कागद थांबवले असते तं शाळेत मले शिकवा लागलं असतं."

सुभद्राबाईंनी ओट्यावरच लिफाफा फाडला. 'आपली तात्पुरती नेमणूक करण्यात येत आहे.' नुसता श्वास सोडला त्यांनी. एवढा लांब श्वास की प्रयागबाई भिंतीवरून डोकावल्या. "काहून वं, रडून राहिली का?" "नाही, सुटले," त्या म्हणाल्या. आणि खरंच सुटल्या होत्या. कागदामुळे नाही. कागद नसता आला तरी चार लोकांच्या डोळ्यांसाठी आयुष्यात पुन्हा काही घ्यायचं नाही, हे त्यांचं त्यांना कळून चुकलं होतं, म्हणून. त्यांनी तो दहावा आदेश आधीच्या नऊ आदेशांबरोबर मागच्या खणात ठेवला. जाड कातडं, दहा आदेश आरामात मावले.

आता तुमची पाळी.

पर्स जुनी असली तरी दहा वर्षं काम देते, हे तुमच्या शाळेतल्या बायांनी तुम्हाला लिहून दिलं. मग बाईचा आदेश दर जूनला नवा का लागतो? एकदा दिलेला का टिकत नाही? तो कोणत्या रेक्झिनचा आहे? संगीताच्या बाईंचा कागद कोणत्या आलमारीत चिकटून पडला आहे? तीन दिवसांत खुलासा करा. लेखी. आणि हो, आधी वाचा, मग सही करा.