देवधानाचा वाफा

वांग्याच्या वाफ्यात अमृतरावांनी एक गवत मुळासकट उपटलं आणि बांधावर फेकायला उचललेला हात तसाच थांबवला. गवताच्या बुडाशी लालसर झाक होती. निंदण्यात सारा जन्म गेलेला माणूस; लव्हाळा कोणता, हरळी कोणती, हे त्यांच्या बोटांनाच कळायचं. हे मात्र रानातलं नव्हतं. आणि ते एकटंही नव्हतं. उन्हाळ्यात तलावाचा गाळ जिथे जिथे पसरला होता, तिथे तिथे वांग्यांच्या मधून ते वीतभर वर आलं होतं.

अमृतराव बांधावर बसले. 

त्यांचं शेत तलावाच्या खाली, तलमडुगूच्या रस्त्याला लागून. वैशाखात गावाने तलावातला गाळ काढून तो खोल खोदायचं ठरवलं, तेव्हा पंचायतीपुढे सभा भरली. बायकांमधून एकटी त्यांची बायको मथुराबाई उठली. "नाल्याच्या तोंडाजवळचा कोपरा सोडा," ती म्हणाली, "तिथं देवधान हाय. गावात दुसरीकडं कुठंच राह्यलं नाई."

देवधान म्हणजे पाण्यातलं रानभाताचं गवत. नांगर नाही, पेरणी नाही. आपलं आपण उगवतं आणि पिकलं की दाणे पाण्यात सांडून मोकळं होतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न चालत नाही, म्हणून बायका हेच खातात. मथुराबाई दर वर्षी कंबरभर पाण्यात उतरून सूपभर दाणे झाडून आणायची आणि पुढच्या भादव्यात गल्लीतल्या घराघरांत मूठमूठ वाटायची.

तलावाच्या कामावर आलेले सरकारी साहेब भले होते. हसून म्हणाले, "घास है अम्मा, फिर आ जाएगा."

मग हात वर करायला सांगितलं. अमृतरावांनी कोपऱ्यासकट सारा तलाव खोदण्याच्या बाजूने हात वर केला. नवराबायको एकाच वाटेने घरी आली, तेव्हा मथुराबाईने एवढंच विचारलं, "तुमी काऊन बोलले नाई?"

"पाणी लागते ना वांग्याले."

"हो. लागते," ती म्हणाली.

त्यानंतर ती भांडली नाही, रडली नाही. जेवायला वाढायची, भाजीच्या जुड्या बांधून द्यायची, पण शेतात येणं तिने सोडलं. शेताची वाट तलावावरून जाते ना. पूर्वी दोघं बाजाराच्या गोष्टी बोलत बोलत घरी यायची. आता अमृतराव एकटे यायचे आणि वाटेत उगाच खोकायचे.

कोपरा खोदला गेला, तेव्हा तिथला गाळ कोणाच्या शेतात गेला, हे त्यांना नीट ठाऊक होतं. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनीच आपल्या शेताकडे वळवलं होतं. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. वांग्याला याहून चांगलं काय?

त्यांनी उपटलेलं रोप ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि घर गाठलं.

मथुराबाई ओट्यावर अंबाडी निवडत होती. त्यांनी पंचा तिच्यापुढे उघडला. "अवं, पाय बरं हे काय हाय."

तिने रोप हातात घेतलं. पान खोडापासून हळूच ओढून पाहिलं, बुडावर अंगठा फिरवला.  मग एकदम कडाडली, "उपटलं काऊन? मुळासकट उपटून आनलं! अक्कल हाय का तुमाले?"

अमृतरावांना इतकं बरं वाटलं की ते हसलेच. सभेनंतर ती पहिल्यांदा त्यांच्यावर मनापासून ओरडली होती.

"लय हाय," ते म्हणाले. "सारा वाफा भरला."

ती अंबाडी तशीच टाकून उठली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. रोप पाण्याच्या डब्यात ठेवलं आणि नवऱ्याच्या पुढे पुढे चालू लागली. तलावावरून जाताना तिने मान वळवली नाही. वाफ्यात मात्र बसली, आणि एकेका रोपाला हात लावत पार टोकापर्यंत सरकत गेली.

"हाय तर देवधानच," ती शेवटी म्हणाली, "पर इथं कसं जगन? याले पाय बुडवून उभं राहा लागते."

वांगी फुलावर आली होती. अमृतराव त्या फुलांकडे पाहत उभे राहिले. वांगं पाण्यात चार दिवसही टिकत नाही. दोन्ही जगणार नव्हती.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई शेतात आली, तेव्हा त्यांनी वाफ्याभोवती गुडघ्याएवढा बांध घालून बोअरचं पाणी सोडलेलं होतं. फुलांनी भरलेली झाडं पाण्यात उभी होती.

"अवो, वांगे!"

"मरतीन," अमृतराव फावड्याला टेकून म्हणाले. "वरच्या तुकड्यात भेंडी हाय की."

इचोड्याच्या बाजारातल्या सुरेंद्रने आठवड्याने फोन केला. अमृतरावांची वांगी घेणारा गाळेवाला तो. "काका, वांगे काऊन नाई येऊन राह्यले?"

"वांग्यात भात लावला."

"वांग्यात भात? तबेत बरी हाय ना काका?"

"मस्त हाय," अमृतराव म्हणाले. मथुराबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

भादव्यात, ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी, गल्लीतल्या बायका वाटी घेऊन आल्या. गेल्या वर्षीचं देवधान मडक्यात थोडंसंच होतं. किराणा दुकानवाली रंजीता सगळ्यांत शेवटी आली. "काकू, चिमूटभर दिलं तरी चालते. पुढच्या वर्षी कुठून येनार आता?" मथुराबाईने मडकं तिच्या वाटीत उपडं केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या पानात नुसती भाजी होती.

"तुले नाई उरलं?"

"साऱ्याईले पुरलं," ती म्हणाली आणि जेवू लागली.

दसऱ्यानंतर वाफ्यातलं देवधान निसवलं. लांब कुसांच्या, तांबूस लोंब्या. पहाटेच्या वाऱ्यात त्या अशा हलायच्या की अमृतरावांना भेंडी तोडायचं सुचत नसे. दाणे पिकल्यावर एके सकाळी ते घरातून सूप घेऊन आले आणि धोतर वर खोचून पाण्यात उतरायला लागले.

"थांबा," मथुराबाई बांधावरून म्हणाली. "यंदा नोका घेऊ."

"काऊन? तुह्यासाठीच तर..."

"पडू द्या सारं. या गाळात राह्यलं तर पुढच्या पावसात दुप्पट येईन. मंग रोपं नेऊ नाल्याच्या तोंडाशी. तिथं काठाले उथळ हाय अजून." तिने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. "माह्याच्यानं आता चिखलात उतरनं होत नाई, पर..."

"मी उतरीन," अमृतराव म्हणाले.

"तुमाले लावता येते काय?"

"तू काठावर बसून सांग."

 सरकून तिने बांधावर त्यांच्यासाठी जागा केली. अमृतरावांनी सूप बाजूला ठेवलं, पण ते लगेच बसले नाहीत. जवळच्या लोंबीखाली त्यांनी सहज तळहात धरला. वारा आला. एक दाणा सुटून त्यांच्या हातात पडला, काळपट, लांब कुसाचा. त्यांनी तो उन्हात धरून नीट पाहिला. मग वाकून पाण्यात हात घातला आणि बोटाने गाळात दाबून टाकला.