मनगटावरच्या सात गाठी

मी एक पांढरा धागा बोलतोय. आवाज बारीक आहे माझा, म्हणून जरा जवळ या. आणि लवकर ऐका, कारण मी आत्ता जिथं पडलोय तिथून मला कधी उचलून नेतील ते सांगता येत नाही.

मला आठवतं ते कुरुंदा गावच्या दुकानातलं रीळ. त्या रिळातला थोडा धागा गोधडीला गेला, थोडा फुलांच्या हाराला. मला विहारात आणलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथं परित्राण पाठ होता, सगळ्यांच्या रक्षणासाठी म्हणतात तो. भंतेजींनी मला बुद्धाच्या मूर्तीपासून नेऊन पाण्याच्या मडक्याला गुंडाळलं आणि समोर बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. पाठ संपेपर्यंत सगळ्यांनी मला धरून ठेवलं होतं. कुणी सैल धरलं होतं, कुणी पेंगत. एका बाईनं मात्र असं आवळलं होतं की तिच्याच बोटाला वळ उठला. ती प्रियदर्शनी.

पाठानंतर भंतेजींनी माझे तुकडे केले आणि एकेकाच्या हाताला बांधले. प्रियदर्शनीच्या मांडीवर तिची लेक होती, आठ महिन्यांची संबोधी. तिच्या मनगटाला त्यांनी मला सैल बांधलं, एकच गाठ मारून. म्हणाले, "बाई, यात औषध नाही. हा दिसला की आठवायचं, आपण शील घेतलंय, सावध राहायचंय. बस्स."

तिनं मान हलवली. घरी आल्यावर दार लोटलं आणि त्या एका गाठीवर आणखी सहा गाठी मारल्या. गाठीगाठीला मी घट्ट होत गेलो.

असं काहून केलं, ते मला पुढं कळलं. तिचा पहिला मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला होता. त्याच्याही हातात असाच धागा होता. आंघोळ घालताना तो सुटून मोरीत वाहून गेला आणि आठव्या दिवशी लेकरू गेलं. तेव्हापासून तिच्या मनात धागा आणि जीव एकच झाले होते.

मग तीन महिने मी त्या घरात राहिलो. दिवसातून वीस वेळा ती मला चाचपून बघायची. संबोधीला आंघोळ घालताना माझ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची. चुलीवर भाकरी करपली तरी चालेल, पण मी ओला व्हायला नको. घरी शेतातल्या हळदीची कामं सुरू झाली तसा मी पिवळा पडलो. संबोधी मला चोखायची, तेव्हा मला बरं वाटायचं. पण लेकरू वाढतं, धागा वाढत नाही. तिच्या मनगटाला गुबगुबीत वळ्या पडल्या आणि मी त्यांच्यात रुतायला लागलो.

सासू सखुबाई म्हणायची, "अगं, सैल कर तो. पोरीचं मनगट भरून राहिलं."

"राहू द्या आत्या. सुटला बिटला तर?"

आज सकाळी दहाच्या सुमाराला संबोधी रांगत दारापाशी गेली. चौकटीत गांधीलमाशीचं पोळं होतं. माशी बरोबर तिच्या तळहातामागं डसली, माझ्यापासून दोन बोटांवर. पोरीनं जी किंकाळी फोडली, ती मी विसरणार नाही. प्रियदर्शनीनं चुना लावला, छातीशी धरलं. पण हात फुगत गेला, पुरीसारखा. मी खाली खाली जाऊ लागलो. शेवटी वरून बघणाऱ्याला मी दिसेनासाच झालो. मी राखायला आलो होतो आणि मीच फास झालो. माझ्याखालची बोटं लाल झाली, मग जांभळी.

सखुबाईनं गल्लीतल्या आशा कार्यकर्तीला, शाहिस्ताला, हाक मारली. ती औषधांची पिशवी घेऊन पळत आली.

"या अल्ला! वहिनी, हा धागा आधी काढ. बोटं निळी पडून राहिली."

"न्हाई. दवाखान्यात जाऊ. धाग्याला हात लावू नका."

"वसमतचा दवाखाना काय घरामागं हाय? जाईपर्यंत हाताची काय हालत होईल, बराबर समजून घे."

"तुमी काय बी करा, पण तोडू नका! माझा पहिला असाच गेला."

शाहिस्तानं कात्री काढली. संबोधीनं हात हिसडला. प्रियदर्शनीनं लेकीला पोटाशी घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी आतून ओरडत होतो, तोडा मला, तोडा. कुणाला ऐकू गेलं नाही.

तेव्हा सखुबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"दर्शने, इकडं बघ. बाळ निमोनियानं गेलं. नांदेडच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं व्हतं. धागा सुटला म्हणून गेलं, असं कोण म्हणलं तुला?"

"तुमी."

संबोधीचं रडणं तेवढं चालू होतं, तेही आता दमल्यासारखं.

"व्हय," सखुबाई म्हणाली. "मीच म्हणले. माती देऊन आल्यावर म्हणले. तवा मला कायतरी कारण पायजे व्हतं, ते मला मोरीत सापडलं. चुकलं माझं, पोरी. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन-तीन महिने विहारात ऐकते मी, दुःखाला कारण असतं, कारण काढलं की दुःख जातं. पण कारणच खोटं धरलं तर काय जाणार? ते खोटं मी तुझ्या गळ्यात बांधलं अन् तू लेकीच्या हाताला."

प्रियदर्शनी वळली. तिनं लेकीचा हात पुढं केला.

शाहिस्तानं खोबरेल तेल सोडलं, केसातली पिन काढून हळूच माझ्याखाली सरकवली आणि कात्री आईच्या हातात दिली. "तूच काप. तुला ती घाबरत न्हाई."

प्रियदर्शनीनं डोळे मिटले, एक श्वास घेतला, सोडला. विहारात शिकवतात तसा. दुसरा घेतला. तिसरा सोडला आणि डोळे उघडले. कच्. सातही गाठी जशाच्या तशा राहिल्या. मी त्यांच्या शेजारी तुटलो. मला दुखलं नाही.

शाहिस्ताच्या स्कूटीवरून मायलेकी वसमतच्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरांना दाखवायला प्रियदर्शनीनं मला मुठीत आणलं होतं. त्यांनी मला बघितलं आणि टेबलाखालच्या डब्यात टाकलं. इथूनच मी बोलतोय. मला राग नाही. तुमच्यापैकी कुणी माझ्या भावंडांना लेकराच्या हाताला बांधलं असेल, तर आज घरी जाऊन बघा. त्या धाग्याखाली तुमची करंगळी सहज शिरली पाहिजे. शिरत नसेल, तर कापा. मी फक्त आठवण आहे, जीव नाही.

समोरच्या खाटेवर संबोधी सलाईन लावून पडलीय. चार बोटं गुलाबी झाली. करंगळी अजून काळपट आहे. डॉक्टर म्हणाले, "थोड्या थोड्या वेळानं रंग बघत राहा. फरक वाटला तर लगेच हाक मारा." तेव्हापासून तिची आई पापणी लववत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं पिशवीतून काळा धागा काढला. "घे गं माय, बांध. नजर लागली असंल. लेकराचा हात असा मोकळा ठेवू न्हाई."

प्रियदर्शनीचा हात अर्धा पुढं गेला.

मग तिनं हात मागं घेतला.

"न्हाई मावशी. हात उघडाच राहू द्या. मला करंगळीचा रंग बघायचाय."