झोइलाबाईंना घेऊन निघालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि मी रागावलेली आहे. खुर्चीने मुकाट्याने एका जागी राहावं असं तुम्हाला वाटत असेल. पण मी काय वाहिलं आहे ते आधी ऐका, मग सांगा.

ग्वायाकिल शहराच्या दक्षिणेला, खाडीलगतच्या गल्लीत माझा जन्म झाला. एका सुताराने माझी चौकट केली आणि त्याच्या बायकोने बैठक विणली. मला विकत घेतलं झोइला मिते या बाईंनी. त्या कोपऱ्यावर कच्च्या केळ्याचे, चीज भरलेले गोळे तळून विकायच्या. मी गिऱ्हाइकांसाठी होते. माझ्यावर कोळी बसले, शिंपिणी बसल्या, एकदा एक पाद्रीही बसला आणि उपास असूनही भरपूर हाणून गेला.

सगळ्यांत जास्त बसली ती अझुसेना किमी. ती लेखिका, पण कुणाच्या नोकरीत नव्हती. लेख लिहायचा आणि जो छापेल त्याला द्यायचा, असं तिचं चालायचं. राजकारण, बाजारभाव, गल्लीतली भांडणं, लक्षात राहिलेली माणसं, असं सगळं ती माझ्यावर बसून लिहायची.

"अगं शहाणे, बूड उचल जरा. माणसं उभ्याने खातायत," झोइलाबाई म्हणायच्या.

"थोडंच राहिलंय, बाई."

"तुझ्या लिहिण्यात मीठ बरं असतं, पण त्याने पोट भरत नाही. ऊठ."

ती उठायची आणि कढईशेजारी उभी राहून पुढचं लिहायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग निवडणूक आली. नगरसेवक होनोरातो विसुएते यांनी पिण्याच्या पाण्याचा नळ टाकायचा म्हणून आमची गल्ली खणली, बँड लावला, फोटो काढले. ते निवडून आले आणि खड्डा तसाच राहिला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांनी त्यावर फळ्या टाकल्या आणि सवय करून घेतली. मला त्या सवयीचाही राग येतो.

एका सकाळी झोइलाबाईंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका हमरस्त्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. स्ट्रेचर फळ्यांवरून आणता येईना. शेवटी वेल्डर विल्फ्रिदो आणि समोरचा न्हावी, दोघांनी बाईंना माझ्यावर बसवलं आणि मला उचललं. अझुसेना मागून त्यांची मान धरून चालत होती. फळी डगमगली की सगळे थांबायचे, आणि फळ्या सारख्या डगमगत होत्या.

"हळू रे, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" झोइलाबाई म्हणाल्या. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. हमरस्ता यायच्या आधीच त्यांचं अंग माझ्यावर जड झालं. ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि मला तोंड नव्हतं.

अझुसेनाने लेख लिहिला. त्यात बाईंचं हसणं होतं, कढई होती, आणि तो खड्डा होता, नगरसेवकाच्या नावासकट. रविवारी छापून आलं ते हसणं आणि कढई. तिने माझ्यावर बसूनच संपादकाला फोन लावला.

"ताई, माणसांवर तुम्ही फार सुंदर लिहिता," तो म्हणाला. "वाचक रडले. त्यात मध्येच राजकारण कशाला?"

"त्या खड्ड्यामुळे गेल्या त्या."

"मग तो वेगळा लेख झाला. बघू पुढे."

तिने फोन ठेवला आणि माझ्या हातावर मूठ आपटली. मला मूठ असती तर मीही तेच केलं असतं.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी सरत्या वर्षाचा चिंध्यांचा पुतळा करतात, बहुधा एखाद्या पुढाऱ्याचा. त्याला खुर्चीत बसवतात, जाळण्याआधी त्याचं मृत्युपत्र वाचतात आणि त्यात सगळ्यांची टिंगल करतात. पुढाऱ्यांना याचा राग येत नाही. ज्याचा पुतळा होत नाही त्याला कोण ओळखतो? आणि आमच्या भोळ्या लोकांना वाटतं, पुतळा जळला की हिशेब मिटला. आमच्या गल्लीचं मृत्युपत्र दरवर्षी अझुसेनाच लिहायची आणि पुतळा माझ्यावर बसायचा. त्या वर्षी पुतळा विसुएतेंचा होता.

दुपारी त्यांचा माणूस स्पीकर आणि बिअरची खोकी घेऊन आला.

"संध्याकाळी साहेब स्वतः येणारेत. हमरस्त्यावर मांडव घातलाय," तो म्हणाला. "खुशाल जाळा त्यांना, ते पोट धरून हसतात. फक्त त्या म्हातारीचं काढू नका. सणाचा दिवस आहे."

"बरोबर बोलतोय गं तो," विल्फ्रिदो म्हणाला. "हसू दे की लोकांना एक दिवस."

"हसा. पण पुतळा या खुर्चीत बसणार नाही," अझुसेना म्हणाली.

"मग कुठे बसवू? माझ्या डोक्यावर?"

"बादलीवर बसव. या खुर्चीत माणूस आहे."

विल्फ्रिदोने माझ्याकडे पाहिलं आणि पुतळा नेऊन बादलीवर बसवला.

ऊन उतरल्यावर सगळे हसायच्या तयारीने जमले. अझुसेनाने टिंगल लिहिलीच नव्हती. संपादकाने कापलेला मजकूर तिने जसाच्या तसा वाचला, विसुएतेंच्या नावासकट. कुणीतरी सवयीने हसलं, पण एकटंच.

"यांनी आपल्याला ठेवलेलं एवढंच आहे. खड्डा," ती म्हणाली. "कुणाच्या नावावर करू?"

विल्फ्रिदोने बाटली खाली ठेवली आणि न्हाव्याला खूण केली. दोघांनी मला उचललं. त्याच फळ्यांवरून, तसंच थांबत थांबत, ते हमरस्त्याकडे निघाले आणि अख्खी गल्ली मागून आली.

"काय रे, माझा पुतळा कुठाय?" विसुएते मांडवातून हसत म्हणाले.

विल्फ्रिदोने मला त्यांच्यापुढे ठेवलं. "आज पुतळा नको. तुम्हीच बसा, साहेब. उचलून नेतो फळीवरून, झोइलाबाईंच्या दारापर्यंत. त्यांना आणलं तसंच."

"चांगली मस्करी आहे."

"बसा ना."

कुणी हसलं नाही. ते माझ्याकडे बघत उभे राहिले, मग गाडीत बसून निघून गेले. माझ्यावर आजवर किती बसले त्याला गणती नाही. मला घाबरलेला हा पहिलाच.

जानेवारीत खड्डा बुजवला. नळ टाकलाच नाही, नुसती माती लोटली. वर्तमानपत्रात बातमी आली की गल्ली आता चालण्यायोग्य झाली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणायला हवं. माझा एक पाय डुगडुगतो, तो डुगडुगू द्या. जपायचं असेल तर आपली माणसं जिवंत असताना जपा. आणि कुणी असं गेलंच, तर ते कसं गेलं हे सांगताना नाव गाळू नका. तिचं नाव झोइला मिते. त्याचं नाव होनोरातो विसुएते.