पाहुण्यांची चटई

बेटावरच्या त्या गावच्या सभाघरात प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. तेबानोची जागा पूर्वेच्या खांबाशी, कैतिराकाकांच्या मागे. आज तो तिथे न जाता पाहुण्यांच्या चटईवर बसला.

"वाट चुकलास काय रे?" काका म्हणाले. "का साहेब झाल्यापासून आमचा वास येतो?"

सगळे हसले. तेबानो चटईवरून हलला नाही.

तीन वर्षांपूर्वी इथेच समुद्राच्या लाटा अडवणाऱ्या भिंतीचं ठरलं होतं. तेव्हा तो किनारा मोजणारा सरकारी माणूस म्हणून आला होता. भिंतीमुळे वाळू उत्तरेकडे सरकायची थांबेल आणि तिकडचा किनारा खचेल, हे त्याच्या मोजमापात स्वच्छ दिसत होतं. पण गावी आल्याच्या आनंदात तो पाहुण्यांच्या चटईवर न बसता घराण्याच्या जागी जाऊन बसला. तिथून बोलायचं ते काकांनी. पुतण्याने तोंड उघडायचं नाही. काका म्हणाले, भिंत हवी. तेबानो गप्प राहिला. पुढे 'तज्ज्ञांची हरकत नाही' असा कागद आला, त्यावर त्याने सहीही केली.

दोन वर्षांत उत्तरेचा किनारा गेला. उधाणाचं खारं पाणी त्याच्या बायकोच्या, रोतियाच्या, अळूच्या खड्ड्यात शिरलं. गोडं पाणी लागेपर्यंत खणून अळू लावायचा तो खड्डा, तिच्या आईकडून आलेला. ती आजारी होती, तरी आत उतरून कुजलेले कंद काढत होती. वर न बघता तिने विचारलं, "हे असं होणार, तुला माहीत होतं?"

"नाही," तो म्हणाला.

चार महिन्यांनी ती गेली.

आज भिंत आणखी लांब करायची होती.

"बोला, पाहुणे," काका म्हणाले.

"भिंत वाढवू नका. वाढवलीत तर पुढच्या सहा घरांचा किनारा जाईल. मागच्या वेळीही मला हे माहीत होतं. तुमच्या मागे बसलो होतो, बोललो नाही."

आता कुणी हसलं नाही.

"रोतियाला हे ठाऊक होतं?" काकांनी विचारलं.

"तिने विचारलं होतं. मी खोटं बोललो."

काका म्हणाले, "शिकलेला पोरगा मागे बसलाय, म्हणून मी बिनधास्त बोललो. पाठीत एक बोट तरी टोचायचंस."

म्हाताऱ्यांनी आपसांत बोलून भिंत वाढवायची नाही असं ठरवलं. मग जेवण आलं. रीतीप्रमाणे पहिलं ताट पाहुण्याचं. त्यात उकडलेला अळूचा कंद होता, दक्षिणेकडच्या कुणाच्या तरी खड्ड्यातला. त्याने घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावणार नव्हतं. काकाही थांबले होते.

तेबानोने कंद मोडला आणि खाली बघत खाऊ लागला.